अकरा पायऱ्यांचं कुंड

पाणी चालत होतं आणि चारशे माणसं श्वास रोखून त्याच्याकडे बघत होती.

कळंबोलीच्या लोखंड बाजारामागून एक नाला खाडीकडे जातो. त्या नाल्याच्या कडेच्या मोकळ्या मैदानात मांडव घातला होता. मांडवात ओल्या वाळूचा भला मोठा देखावा आणि त्यापुढे पाटावर बसलेले जळनाथ महाराज. वाळूत त्यांनी सगळा परिसर उभा केला होता. लोखंड बाजार, ट्रकांचे तळ, आमच्या सोसायट्या, हमालवस्तीच्या चार गल्ल्या, काही म्हणता काही सोडलं नव्हतं. महाराजांनी तांब्यातलं पाणी वाळूच्या एका कोपऱ्यात ओतलं आणि हात मागे घेतला. पाणी आपलं आपण निघालं. बाजाराला वळसा घालून, ट्रकतळाच्या कडेकडेनं ते थेट हमालवस्तीत शिरलं.

"आयला, आपल्याच गल्लीत आलं की रं!" कुणीतरी ओरडलं आणि मांडवात एकच जयजयकार झाला.

"मी काय करतो?" महाराज डोळे मिटून म्हणाले. "मी काहीच करत नाही. जळ मला हाक मारतं. म्हणतं, नाथा, मी निघाले रे, लेकरांना सांगून ठेव. मी आपला सांगकाम्या."

सांगकाम्याच्या पुढ्यात नारळांचा ढीग कमरेएवढा झाला होता. मी शेजारी बसलेल्या बयामावशीच्या कानात म्हटलं, "मावशी, वाळूला उतार दिला की पाणी उतारानंच जाणार. तुझ्या मोरीतलं पण तसंच जातं. मोरीला कधी नारळ फोडलास का?"

"गप बस, भवाने," मावशी म्हणाली आणि माझ्या बरगडीत कोपर खुपसलं.

मला तिथं तिनंच ओढून आणलं होतं. मी संघप्रिया. आमच्या घरात देव्हारा नाही आणि बाबाबुवांना तर उंबऱ्याच्या आत जागा नाही. पण बयामावशीला मी नाही म्हणू शकत नाही. माझी आई कंपनीत पाळीवर जायची, तेव्हा शाळा सुटल्यावर मी मावशीच्याच घरी असायचे. ती आणि तिचा नवरा कोंडिबाकाका साताऱ्याकडची. काका गवंडी. त्यांचं घर हमालवस्तीच्या दुसऱ्या गल्लीत, पत्र्याचंच, पण मावशी दर दिवाळीला त्याला हिरवा रंग देते.

आणि खरं सांगायचं तर मावशीच्या श्रद्धेला कारण होतं. आदल्या पावसाळ्यात महाराजांनी आठ दिवस आधी सांगितलं होतं की तिसऱ्या गल्लीत कमरेएवढं पाणी येणार. लोकांनी धान्य हलवलं, पोरं हलवली. पाणी आलं, कमरेएवढंच आलं आणि तिसऱ्याच गल्लीत आलं. मी तेव्हा योगायोग म्हणून उडवून लावलं होतं, पण ते मनात कुठंतरी टोचत राहिलं होतं.

"यंदा," महाराजांनी आवाज खाली आणला, "यंदाची गोष्ट वेगळी आहे. वस्तीच्या पोटात कुंड आहे. पुरातन. देवांनी बांधलेलं. त्याला अकरा पायऱ्या. येत्या अवसेला, रविवारी, भर दुपारी ते कुंड तोंड उघडणार!"

बायकांनी तोंडाला पदर लावले. महाराजांनी वाळूत बोटानं कुंड काढायला घेतलं. आडवी रेघ, उभी रेघ, पुन्हा आडवी, पुन्हा उभी. एका बाजूनं अशा अकरा पायऱ्या उतरल्या. पलीकडची बाजू मात्र त्यांनी सरळ ओढली, पट्टी लावल्यासारखी.

"शनिवार संध्याकाळच्या आत पत्रे, बांबू, भांडीकुंडी घेऊन सगळे या मैदानात या. इथं पाणी पाऊल ठेवणार नाही. मी त्याला शपथ घातली आहे."

लोक माना डोलवत होते. मी मात्र मान उंचावून वाळूतलं कुंड पुन्हा पुन्हा बघत होते. त्या पायऱ्या मला पाठ होत्या. त्या मीच केल्या होत्या.

सत्त्याण्णव सालची ही गोष्ट. मी बेलापूरला एका सल्लागार कंपनीत कामाला होते. काम नकाशांचं. सर्वेक्षणाचे जुने कागद टेबलावर पसरायचे, त्यांवरच्या उंचीच्या रेषा एकेक करून गिरवायच्या आणि संगणकात भरायच्या. मग सॉफ्टवेअर सगळ्या जमिनीचे वीस-वीस मीटरचे चौकोन पाडायचं आणि प्रत्येक चौकोनाला उंची द्यायचं. पुढचं गणित अगदी सोपं. प्रत्येक चौकोनाच्या आठ शेजाऱ्यांत सगळ्यात खाली कोण? पाणी त्याच्याकडे जाणार. असं हजारो चौकोनांचं झालं की पाऊस कुठून येतो आणि कुठं साचतो ते पडद्यावर निळ्या रेघांत उमटायचं.

एप्रिलमध्ये मी आमच्या भागाचा नकाशा पहिल्यांदा चालवला आणि डोक्याला हात लावला. चहूकडून आलेल्या निळ्या रेघा हमालवस्तीत शिरत होत्या आणि तिथंच गुप्त होत होत्या. मधोमध एक खड्डा, सगळं पाणी त्याच्या पोटात. पुढे नाल्यात थेंब नाही. मी लहानपणापासून त्या वस्तीत हुंदडलेली. तिथं असला खड्डा असता तर मी त्यात कधीच पडले असते!

तीन दिवस मी त्या खड्ड्याच्या मागे होते. सगळ्या रेषा पुन्हा तपासल्या, आकडे पुन्हा भरले, खड्डा आपला तिथंच. शेवटी त्याच्या कडा नीट बघितल्या. तीन बाजू पायऱ्यापायऱ्यांच्या, कारण चौकोनांनी बनलेली कड पायऱ्यांसारखीच दिसते. पण चौथी बाजू अगदी सरळ. जमीन कधी इतकी सरळ खचत नाही. मी मूळ कागद काढले तेव्हा उलगडा झाला. आमचा भाग दोन कागदांवर अर्धा अर्धा आला होता. एका कागदाचं सर्वेक्षण एकोणनव्वद सालचं, दुसऱ्याचं एकाहत्तरचं. मधल्या काळात इथल्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, मुरमाचा भराव टाकून जमीन उंच केली गेली. अर्धी वस्ती संगणकात अजून जुन्या चिखलातच बसलेली होती. तारीख न बघता दोन्ही कागद जोडले ते मीच. नव्या उंच्या मिळवून भरल्या आणि खड्डा नाहीसा झाला. त्यानं गिळलेलं पाणी पुढे सरकलं, नाल्याकडे गेलं आणि एका जागी पसरलं. तीच जागा, जिथं आत्ता महाराजांचा मांडव होता.

तो चुकीचा नकाशा फक्त दोघांनी पाहिला होता. मी आणि चंद्रशेखर सर.

सरांबद्दल सांगायला हवं. ते आधी आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मी आठवीत असताना शाळेजवळ एक बुवा आला होता, हवेतून अंगारा काढणारा. सरांनी दुसऱ्या दिवशी वर्गात तसाच अंगारा काढून दाखवला. मग बोटांच्या बेचक्यात लपवलेली राखेची गोळी आमच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "कुणावरही विश्वास ठेवू नका. माझ्यावरसुद्धा नाही. तपासा." मी विज्ञानाला गेले ती त्या एका तासामुळे. पुढे सर या कंपनीत आले आणि त्यांनीच मला इथं लावलं. खड्डा सापडला तेव्हा त्यांनी माझी पाठ थोपटली होती.

सोमवारी मी त्यांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले.

"सर, आपला एप्रिलचा पहिला प्रिंट कुठंय?"

"असेल कुठंतरी. का?"

"महाराजांच्या वाळूत आहे. अकरा पायऱ्यांसकट."

त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. मला वाटलं होतं, ते चिडतील, कुणीतरी चोरला म्हणतील. मला तेच हवं होतं. पण ते खुर्चीत बसले आणि शांतपणे म्हणाले, "बस. ऐकून घे. गेल्या वर्षी मी बावीस पानांचा अहवाल लिहिला. तिसऱ्या गल्लीत पाणी येणार, असं स्पष्ट लिहिलं. तो कपाटात गेला. मी स्वतः वस्तीत गेलो. लोक म्हणाले, साहेब, दरसाल कुणीतरी कागद घेऊन येतं. मग मी महाराजांकडे गेलो. आठ दिवसांत गल्ली रिकामी झाली, संघप्रिया! पोरंबाळं वाचली. कुणाच्या तोंडून सांगितलं याला काय महत्त्व आहे?"

"आणि यंदा?"

"यंदा त्यांनी स्वतःहून मागितला. मी पहिला प्रिंट निघाला तसा दिला. तुझी दुरुस्ती नंतर आली."

"दुरुस्ती आल्यावर सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं."

"मग?"

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "ते म्हणाले, मुखातून निघालेलं परत घेता येत नाही. भक्त काय म्हणतील?"

म्हणजे महाराजांना माहीत होतं. सरांना माहीत होतं. आणि चारशे माणसं रविवारी त्या मैदानात बसणार होती. त्यांत माझी बयामावशी.

"सर, तुम्ही विचारलंत ना, कुणाच्या तोंडून सांगितलं याला काय महत्त्व? हेच महत्त्व! आपला नकाशा चुकला तर आपण दुरुस्त करतो. चमत्कार चुकला तर तो कोण दुरुस्त करणार?"

"आवाज हळू. अवसेला उधाण असलं तरी त्याच वेळी मोठा पाऊस येऊन नाला उलटा फिरेलच असं नाही. शक्यता आहे, खात्री नाही. आणि माझं नाव बाहेर आलं तर उद्या आपल्या कुठल्याही नकाशावर कोण विश्वास ठेवेल?"

"शनिवारी वस्तीत या. तुम्ही स्वतः सांगा. लोक तुमचं ऐकतील."

"बघतो," ते म्हणाले.

मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले. राग होता, लाजही वाटत होती. घरात कुणी मेल्यावर येतं तसलं रडू येत होतं. अकरा वर्षं ज्या माणसाच्या एका वाक्यावर मी उभी होते, त्यानंच ते वाक्य गुंडाळून एका बुवाला दिलं होतं.

मी दुरुस्त नकाशा घेऊन वस्तीत गेले. कुणी ढुंकून बघितलं नाही. मावशी पत्र्याचे खिळे काढून डब्यात जमा करत होती.

"मावशी, इथला भराव कुणी टाकला?"

"म्या टाकला की. मी, तुजा काका, सगळी गल्ली. नवीनच आलोतो तवा. डोस्क्यावर पाट्या वाहून वाहून केस गेलं हितलं."

"तेव्हा खाली कुंड दिसलं होतं?"

"कुंड कुटलं? नुस्ता चिखल आन खेकडी." ती थांबली. हातातला खिळा तसाच राहिला. मला वाटलं, आता पटलं. पण ती म्हणाली, "पर म्हाराजास्नी दिसतंय ते आपल्याला कुटं दिसायचं, पोरी?"

मला तिचा इतका राग आला की दातओठ खाल्ले. स्वतःच्या डोक्यावरून मुरूम वाहिलेली बाई स्वतःच्या डोक्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हती.

कोंडिबाकाका उंबऱ्यात बसून विडी ओढत होते. माझ्या हातातल्या गुंडाळीकडे बघून म्हणाले, "ह्ये कागदातलं आमास्नी कळत न्हाय. नळीतलं कळतं." आणि त्यांनी भिंतीवरच्या खुंटीकडे हनुवटी उडवली. खुंटीला पारदर्शक प्लास्टिकच्या पाइपाचं वेटोळं टांगलं होतं. गवंड्यांची लेव्हलची नळी. दोन भिंतींची उंची जुळवायला त्याहून भरवशाचं काही नाही. पाइपात पाणी भरायचं आणि दोन माणसांनी दोन टोकं धरायची. मधे भिंत असो नाहीतर खड्डा, दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीला थांबतं.

"काका, ही मैदानापर्यंत पुरेल?"

"वीस मीटरची हाय. एका दमात न्हाय पुरायची. टप्प्या-टप्प्यानं जाऊ की."

शनिवारी सकाळी मावशीच्या उंबऱ्यापासून सुरुवात केली. तिसेक घरांचे पत्रे तोवर मैदानात जाऊन पडले होते. बाकीचे टेम्पोची वाट बघत होते. एक टोक काकांनी धरलं. दुसरं मी मुद्दाम मावशीच्या हातात दिलं.

"मला कशाला?"

"तुझ्याच घराचं माप आहे. तू धर."

प्रत्येक टप्प्याला दोन्ही टोकांच्या पाण्यापासून जमिनीपर्यंत टेप लावायचा. पुढच्या टोकाला माप जास्त आलं की जमीन तेवढी उतरली. तेवढी खूण काका कोळशानं एका बांबूवर खालून वर चढवत जात. पहिल्या दोन टप्प्यांना लोक हसले. "काय रं कोंडिबा, म्हाराजांच्या मांडवाला कॉलम टाकतोस व्हय?" वस्तीचा मुकादम रावसाहेब सगळ्यांत जोरात हसला. पाचव्या टप्प्याला तोच पुढे झाला आणि टेप स्वतः धरायला लागला. दहाव्या टप्प्याला मागे शंभरेक माणसं होती आणि हसणं बंद झालं होतं. पाऊस भुरभुरत होता. चौदावा टप्पा मांडवाच्या खांबाशी संपला.

काकांनी बांबू मैदानात उभा केला. वरची खूण सव्वाचार फुटांवर.

"मावशी, बांबूला चिकटून उभी राहा."

खूण तिच्या हनुवटीला लागली.

"तुझ्या उंबऱ्याला पाणी नुसतं शिवलं ना," मी मोठ्यानं म्हटलं, "तर इथं ते तुझ्या हनुवटीपर्यंत असेल. पोरांचा हिशोब ज्यानं त्यानं करा."

मांडवात कुजबुज सुरू झाली. महाराज पाटावरून उठले. "नळीतलं पाणी मेलेलं असतं, बालिके. कोंडलेलं. ते काय बोलणार?"

"बरं, मग जिवंत पाण्याला विचारा. कुंडाला पायऱ्या किती?"

"अकरा."

मी एप्रिलचा नकाशा पुन्हा छापून आणला होता. तो उघडून रावसाहेबांच्या हातात दिला. "मुकादम, मोजा."

रावसाहेबांनी बोट ठेवून मोजल्या. अकरा भरल्या. त्यांनी वाळूतलं कुंड बघितलं, पुन्हा कागद बघितला. वळणन् वळण तेच.

"ह्या पायऱ्या देवांनी नाही बांधल्या, संगणकानं पाडल्या. एकेक पायरी वीस मीटरची आहे. म्हणजे इथून तो पिवळा ट्रक दिसतोय तिथपर्यंत एक पायरी. कुठल्या देवाचे पाय एवढे लांब? आणि कुंडाची ही बाजू सरळ का माहितीय? तिथं एक कागद संपतो आणि दुसरा सुरू होतो. जुन्या कागदावर इथं खाजण आहे. तुम्ही टाकलेला भराव त्या कागदाला माहीतच नाही! हा खड्डा जमिनीत नव्हता. माझ्या चुकीत होता. चूक मी केली, मीच शोधली आणि दुरुस्त केली. महाराजांनी मात्र माझी चूक देवाच्या नावावर तुम्हाला विकली."

"ए, चल हट!" महाराजांचं संस्कृत एकदम संपलं. "कोण रे ही? हटवा तिला!"

कुणी हललं नाही. रावसाहेबांनी विचारलं, "पर ह्यो कागद ह्यांच्याकडं आणला कुनी?"

सर आले होते. मैदानाच्या कडेला स्कूटरपाशी उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. माझ्या तोंडून नाव यायच्या आत त्यांनी पुढे यावं, एवढंच मला हवं होतं. ते पुढे आलेही.

"मी या मुलीला ओळखतो," सर म्हणाले. तोच आवाज, वर्गातला. "माझ्याच हाताखाली काम करते. हुशार आहे, पण धांदरट. आत्ता तिनं स्वतःच कबूल केलं की चूक तिची. असला कागद मी कुणालाही दिलेला नाही. तेव्हा तिच्या बोलण्यावर तुम्ही किती विसंबायचं, ते तुम्हीच ठरवा."

माझी कबुली त्यांनी माझ्याच विरुद्ध वापरली. सोमवारच्या त्या बंद खोलीला साक्षीदार नव्हता. लोक एकदा त्यांच्याकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. ते शिकलेले, टाय लावलेले, कधीकाळी निम्म्या वस्तीच्या पोरांचे मास्तर. मी कोण? महाराज हळूच पाटावर बसले आणि पुन्हा डोळे मिटायच्या तयारीला लागले.

तेवढ्यात बयामावशी पुढे झाली. नळीचं टोक अजून तिच्या मुठीत होतं.

"मास्तर, ही पोर खोटी का तुमी खोटं, मला ठावं न्हाय," ती म्हणाली. "ते तिकडं राहू द्या. पर नळी माज्या हातात हुती. चौदाच्या चौदा येळा माज्या हातात हुती. पानी माज्या डोळ्यानं बगितलं." मग ती मुकादमाकडे वळली. "रावसाहेब, मी चालले घरला. माजे खिळे परत ठोकायचेत."

ती निघाली. काकांनी बांबू खांद्यावर टाकला आणि तिच्यामागे गेले. मग रावसाहेब. मग माणसं एकेक करून आपापले पत्रे उचलायला लागली. माझ्यासाठी नव्हे, सरांच्या विरुद्धही नव्हे. नळी त्यांनी धरली होती म्हणून.

रविवारी, अवसेच्या दिवशी, सकाळपासून पाऊस कोसळत होता. दुपारी साडेबाराला खाडीचं उधाण नाल्यातून उलटं वर आलं आणि मैदानात पसरलं. अर्ध्या तासात मांडवाचं कापड तेवढं वर दिसत होतं. पाच कुटुंबं हट्टानं तिथं राहिली होती. हमालांनी ट्रकतळावरचे दोर आणून त्यांना बाहेर ओढलं. माणूस गेला नाही, पण भांड्याचा तुकडाही उरला नाही. महाराज? ते कुठले सापडतायत! त्यांची गादी, समई आणि टेबलफॅन शनिवारीच संध्याकाळी टेम्पोत घालून खांदेश्वरच्या दिशेनं गेल्याचं ट्रकवाल्यांनी सांगितलं. ज्याला जळ हाक मारत होतं, त्यानं उधाणाचं वेळापत्रक बघून बिछाना हलवला होता. मावशीच्या गल्लीत घोट्याएवढं पाणी आलं आणि तासाभरात उतरलं.

सोमवारी सर माझ्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, "तू बरोबर होतीस."

"हे इथं नको," मी म्हटलं. "वस्तीत जाऊन म्हणा."

ते गेले नाहीत. दोन महिन्यांनी दुसऱ्या शहरात नोकरी धरली. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्यामुळे माणसं वाचली, हे मी नाकारत नाही. पण त्यांनी लोकांना पाण्याचा उतार शिकवला नाही, पाया पडायला शिकवलं आणि पुढच्या चुकीला वाट करून दिली. आजही एखादा नकाशा नीट जमला की तो त्यांना दाखवावासा वाटतो. मग आठवतं आणि मी तो गुंडाळून ठेवते. हा राग जाईल असं मला वाटत नाही.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढच्या मे महिन्यात वस्तीतली दहा-पंधरा माणसं हार घेऊन माझ्या दारात आली. रावसाहेब पुढे, हात जोडून. "ताई, यंदा पानी कुटं येनार? तुमी म्हनाल तसं करू."

माझं डोकंच फिरलं. "चला निघा!" मी ओरडले. "एक बुवा गेला म्हणून मला बसवताय त्याच्या पाटावर? मागच्या वर्षी तो खड्डा कुणी केला होता? मीच ना? उद्या पुन्हा नाही चुकणार कशावरून?" माणसं ओशाळली. मग आम्ही सगळे मिळून नळी घेऊन चारही गल्ल्या मोजल्या. दोन दिवस लागले. माझ्या नकाशात दोन ठिकाणी चूक निघाली. ती बयामावशीनं काढली आणि वर मला चार शब्द ऐकवले.

म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून नाही, चांगलं दटावून सांगते. उद्या तुमच्या दारात कुणीही येईल. भगवा घालून येईल, टाय लावून येईल, संगणकाचा रंगीत कागद घेऊन येईल, नाहीतर तुमच्याच शाळेतला आवडता मास्तर असेल. त्याला एकच विचारा, "तुला कसं कळलं ते दाखव." जो समोर बसून दाखवील आणि चुकलो तर चुकलो म्हणेल, त्याचं ऐका, आणि ऐकूनही पुन्हा मोजा. जो चिडेल, डोळे मिटेल किंवा तुमचीच लाज काढेल, त्याच्या शब्दावर आपल्या घराचा एक खिळाही उपटू नका.